दिसण्याचं काम

ईस्टरच्या सुट्या लागल्या आणि ब्रॅक्सली गावाबाहेरच्या भाजीच्या परड्यांमागं मोटारसायकली आल्या. कोळशाची खाण बंद पडल्यावर तिथला खडीमातीचा ढीग सरकारनं सपाट करून वर गवत पेरलं होतं. उताराची, मोकळी, कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन. पोरांना आयतीच मिळाली. दुपार कलली की इंजिनं सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. आवाज विटांच्या रांगांमधून असा घुमायचा, की स्वयंपाकघरातली बशी बशीवर किणकिणायची.

आधी कुणाच्या कांद्याच्या वाफ्यातून चाकं गेली. मग एका काचघराची तावदानं फुटली. मग एक खोपटं जळालं. सगळ्यांत कडेला, त्या गवताला लागून, सेप टीसडेलची कबुतरांची ढाबळ होती. एका दुपारी तिच्या खिडकीवर दगड आले. अंड्यांवर बसलेली मादी बिचकून उठली ती परत बसलीच नाही. सेपनं गार पडलेली अंडी तळहातावर घेऊन कानाशी हलवून पाहिली आणि खताच्या ढिगात पुरली. मग फुटक्या काचेच्या जागी फळी ठोकली आणि घरी येऊन हात धुतले.

"तक्रार करा ना बाबा," ग्लेंडा म्हणाली.

"कुणाकडं?" त्यानं विचारलं, आणि तिच्या अंगावरच्या पिवळ्या जाकिटाकडं न बघता पावाला लोणी लावायला घेतलं.

ब्रॅक्सलीत पोलिसांकडं कुणी जात नसे. खाणकामगारांचा मोठा संप झाला त्या वर्षापासून नाही. तेव्हा दक्षिणेकडून गाड्या भरभरून पोलीस आले होते, घोडे आले होते. पोस्टासमोरच्या उतारावर ज्या सकाळी संपकऱ्यांवर घोडे सोडले, तेव्हा कोण कुठं उभं होतं, कुणाच्या आईनं कुठल्या दारातून कुणाला आत ओढलं, हे त्या गावातल्या बायका अजूनही सांगू शकतात. त्यात सेपचा खांदा निखळला होता. तो हात पुढं कधी डोक्याच्या वर गेला नाही. त्याला दिवसभर कोठडीत ठेवून, दगड कुणी मारले त्यांची नावं विचारली होती. सेपनं स्वतःचं नाव सांगितलं होतं, एवढंच. संप फसला, खाण गेली, वाण्याची दोन दुकानं गेली, पण ती एक गोष्ट राहिली. गावातलं गावात. ज्याच्या दाराशी पोलीस थांबला, त्याला वाळीत टाकायला पंचायत बसवावी लागत नव्हती.

आणि त्याच सेपची एकुलती मुलगी आता पोलिसांचं पिवळं जाकीट घालून गावातून फिरत होती.

ग्लेंडाचं लग्न मोडलं तेव्हा ती बापाकडं परत आली. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवता शिवता तिची चाळिशी आली, आणि मग कारखानाच परदेशी गेला. ही नोकरी मिळाली ती पोलिसांच्या मदतनिसाची. हातात बेडी नाही, कमरेला दंडुका नाही, अटकेचा अधिकार नाही. "तुझं काम एकच," सार्जंटनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "दिसायचं. लोकांना दिसत राहायचं. दिसलीस की धिंगाणा आपोआप कमी होतो." ती कामाला लागली त्या दिवशी सेप अंधार पडेपर्यंत ढाबळीवरच राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पोट प्रत्येकाला आहे. पण ते कपडे अंगावर असताना माझ्याबरोबर रस्त्यानं चालायचं नाही."

काही वर्षं ती समुद्राकाठच्या शहरात गस्त घालत होती. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळं सगळे बोलायचे. या वसंतात धिंगाणा वाढला म्हणून वरून हुकूम निघाला, गावोगाव डोळ्यांना दिसेल अशी गस्त हवी. "तुझंच गाव आहे," सार्जंट म्हणाला. "तुला लोक मोकळेपणानं सांगतील." तो भला माणूस होता, पण तिकडचा नव्हता.

ती चालायची. पोस्टापासून क्लबपर्यंत, क्लबपासून प्रार्थनामंदिरापर्यंत, तिथून बस थांब्याच्या निवाऱ्याकडं, जिथं पोरं बाटल्या फोडायची, आणि परत. बुटांनी टाचा सोलवटल्या. समुद्रावरून येणारा वारा मे महिन्यातही हाडात शिरायचा. शिलाईवर बसून बसून आखडलेलं तिचं कंबरडं आता चालून चालून दुखायला लागलं. चालण्यापेक्षा अवघड होतं ते दुसरंच. ती कोपऱ्यावरून वळली, की कुंपणापाशी चाललेलं बोलणं थांबायचं. पुढं गेली की पाठीमागं पुन्हा सुरू व्हायचं. नळाचं पाणी कुणी हातानं धरून सोडावं तसं.

दुकानात बेरिल तेवढी बोलायची, कारण गल्ल्यावर बसून मुकं राहणं तिला जमत नसे.

"काय गं ग्लेंडा, भर दुपारी हरवशील म्हणून घातलंय का हे?"

"दिसायला पाहिजे म्हणतात."

"दिसतेस बाई. चंद्रावरून दिसत असशील." बेरिलनं दुधाची बाटली पुढं सरकवली. मागं उभ्या असलेल्या दोघी हसल्या नाहीत. त्यांच्यातली एक ग्लेंडाबरोबर शाळेत होती. दोघींनी मिळून एकच वेणीची रिबीन आळीपाळीनं वापरली होती. ती आता रॅकवरच्या साबणांच्या किमती वाचत होती.

ग्लेंडानं एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली. गस्तीच्या वाटेत परड्यांची मागची पायवाट घेतली. सकाळी एकदा आणि संध्याकाळी इंजिनं सुरू व्हायच्या वेळेला एकदा, ती बापाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. आत जायची नाही, बोलायची नाही. नुसती उभी. आत सेप फळ्यांवरची वाळकी विष्ठा खुरप्यानं खरवडत असायचा, पाण्याची भांडी विसळत असायचा, दाण्याचा डबा खुळखुळवून पाखरांना आत बोलवायचा. त्या खुळखुळण्यावर ती लहानपणी स्वतःसुद्धा धावत यायची.

पिवळं जाकीट दिसलं की पोरं दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. दगड बंद झाले. सेपच्या निळ्या मादीनं पुन्हा अंडी घातली. ग्लेंडाला वाटलं, नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं झालं.

"तुला दुसरा रस्ता नाही का?" सेपनं एकदा कुंपणाआडून, मान वर न करता विचारलं.

"हाच आहे."

खुरपं बराच वेळ एकाच जागी चालत राहिलं.

एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती. सेपच्या ढाबळीपुढच्या बाकावर शनिवारी नॉर्मन एल्स्टोब येऊन बसायचा. शर्यतीची पाखरं घरी परतायच्या वेळी दोघं मिळून आभाळाकडं बघायचे. खाणीत दोघांनी एकाच थरावर, एकमेकांच्या पायाशी पाय लावून आडवं पडून कोळसा काढला होता. संपात नॉर्मन गावाचा पुढारी होता. आता कबुतर क्लबचा चिटणीस. मे सरता सरता बाकावर सेप एकटाच दिसू लागला. ग्लेंडाला वाटलं, नॉर्मनची बायको ऑड्री आजारी आहे, त्याला फुरसत नसेल.

मग सार्जंटनं तिला चौकीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"ब्रॅक्सलीतून फोन आला. पहिलाच. गाड्या कुठल्या गॅरेजात ठेवतात, कुणाकुणाच्या आहेत, सगळं सांगितलं." तो खूश होता. "नाव बाहेर जाऊ देऊ नका म्हणाले. एल्स्टोब. बायको शेवटच्या दुखण्यात आहे, त्या आवाजात तिचा डोळा लागत नाही म्हणाले. रडत होते गं."

ग्लेंडा टेबलाच्या कडेला टेकली.

"ओळखतेस?"

"गाव छोटं आहे," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी ट्रक आला. गॅरेजाचं कुलूप तोडून मोटारसायकली एकेक करून वर चढवल्या. ग्लेंडाला ट्रकच्या मागून चालावं लागलं. हुकूमच होता तसा, दिसायला हवं. रांगेतल्या बायका हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. त्यांच्याच वाफ्यांवरून त्या गाड्या गेल्या होत्या, त्यांचीच काच फुटली होती, पण ट्रककडं कुणी बरं झालं म्हणून बघत नव्हतं. कुणीतरी मागून, तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणालं,

"बापानं लेकीला सांगितलं, लेकीनं साहेबाला. घरचीच वाट."

शुक्रवारी संध्याकाळी ग्लेंडा बटाटे सोलत होती. शर्यतीची पाखरं त्या दिवशी क्लबात न्यायची असत. तिथं प्रत्येकाच्या पायात शर्यतीची रबरी कडी चढवायची, मग ती ट्रकमधून दूर नेऊन सोडायची. सेपनं वेताची करंडी जुन्या बाबागाडीच्या चाकांवर चढवून नेली होती. मागच्या दारातून चाकांचा आवाज आला तो नेहमीसारखा हलका नव्हता. तिनं बाहेर पाहिलं. करंडी भरलेलीच होती. आत पाखरं पाय बदलत होती.

"शर्यतीचं घड्याळ बिघडलं का तुमचं?"

"नाही."

"मग परत कशी आणली?"

सेपनं टोपी काढून खिळ्याला लावली. ती पडली. त्यानं वाकून उचलली आणि पुन्हा लावली.

"पाखरं धरायला कोणी नव्हतं."

नियम जुना होता. आपल्या पाखराला आपण कडी घालायची नाही. दुसऱ्या सभासदानं पाखरू हातात धरायचं, दुसऱ्यानंच कडी चढवायची, म्हणजे लबाडीला जागा नको. इतकी वर्षं त्यात कधी अडचण आली नव्हती. पुढच्याची करंडी उघडली की जो जवळ असेल तो हात घालायचा.

"क्लब रिकामा होता?" तिनं विचारलं.

"भरलेला होता."

ग्लेंडानं सुरी खाली ठेवली. सेप खुर्चीवर बसला, बुटांची नाडी सोडू लागला. खांद्यामुळं त्याला ते एका बाजूला झुकून करावं लागे.

"टेबलाशी उभा राहिलो," तो म्हणाला. "माझ्या पुढचा झाला, माझ्या मागचा झाला. डॉमिनोच्या टेबलाला माझी खुर्ची पुढं कलती करून ठेवली होती, जागा धरल्यासारखी. मला वाटलं कुणी यायचं असेल. कोणी आलं नाही."

"माझ्यामुळं झालं हे."

"तू फाटकाशी उभी राहिलीस."

"पाखरांसाठी उभी होते बाबा."

"ते पाखरांना कळलं." त्यानं एक बूट काढला. "या गावात ज्याच्या फाटकाशी पोलीस थांबला, त्याला काय म्हणतात, हे तुला कुणी शिकवायला नको होतं. इथंच वाढलीस."

बटाट्याच्या भांड्यातलं पाणी गढूळ झालं होतं. तिनं ते ओतून दुसरं घेतलं. पाठमोरीच म्हणाली,

"तुम्ही सांगितलं नाही, हे मला माहीत आहे. कुणी सांगितलं तेही माहीत आहे."

सेपनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"मला सांगू नकोस," सेप म्हणाला.

"तुमचं नाव धुऊन निघेल."

"आणि दुसऱ्याचं जाईल. मी कोठडीत बसलो होतो तेव्हा एक नाव सांगितलं असतं, तर दुपारी घरी आलो असतो. तुझी आई खिडकीत उभी होती." त्यानं दुसरा बूट पहिल्याशेजारी नीट लावून ठेवला. "तुला विश्वासानं सांगितलंय ना कुणी? मग झालं. बटाटे शिजव."

तिनं गस्तीची वाट बदलली. ढाबळीकडं जाणं सोडलं. आता गवतावर इंजिनं नव्हती, दगड नव्हते, संध्याकाळ इतकी शांत असायची की परड्यांतून फावड्याचा आवाज दोन रांगा ओलांडून यायचा. गावाला हवी होती तशी शांतता मिळाली होती. त्या शांततेत सेप सकाळी ढाबळीवर जायचा आणि रात्री घरी यायचा, आणि मध्ये कुणाशीही बोलायचा नाही. शेजारच्या परड्यातला माणूस त्याला पाहून पाठ करून भाज्यांना पाणी घालायचा. पाऊस पडत असला तरी.

जूनमध्ये सगळ्यांत लांबची शर्यत होती. फ्रान्समध्ये पाखरं सोडायची, ती समुद्र ओलांडून यायची. सेपनं निळी मादी त्यासाठीच राखली होती. अंडी फुटून पिल्लू आठवड्याचं झालं, की मादी त्या ओढीनं जीव तोडून घरी येते. हे गणित त्यानं वसंतापासून मनात धरलं होतं. आता तो त्याबद्दल बोलत नव्हता. पण दाणे मात्र तो पूर्वीसारखेच एकेक निवडत होता.

ग्लेंडा एल्स्टोबकडं गेली ती साध्या कपड्यांत, सुटीच्या दिवशी. नॉर्मन मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होता. चिमटे तोंडात धरले होते. तिला पाहून त्यानं वर, माडीच्या खिडकीकडं पाहिलं.

"झोपलीय," तो चिमटे काढून म्हणाला. "हळू बोल."

"काकू कशी आहे?"

"झोप लागते आता." चादरीची कड त्यानं दोनदा सारखी केली. "तू का आलीस, ते कळलंय मला. बोलणार आहेस का?"

"नाही."

"सेपला?"

"त्यांनी ऐकून घेतलं नाही. सांगू नकोस म्हणाले."

नॉर्मन खालच्या पायरीवर बसला. संपात याच माणसाचा आवाज भोंग्याशिवाय पोस्टापर्यंत पोचायचा.

"मी रोज ठरवतो पोरी. क्लबात जाऊन उभं राहायचं आणि बोलून टाकायचं. मग वाटतं, हिच्या अंत्ययात्रेला कोण येईल? करंडी उचलायला नाही गं, पेटी उचलायला चार माणसं लागतात."

वाऱ्यानं चादर फुगून तिच्या तोंडावर आली, तिनं ती हातानं बाजूला केली.

"तुम्ही बोला म्हणून नाही आले काका. पण शुक्रवारी पाखरू धरायला माणूस एकच लागतो."

"मी उठलो तर लोक बघतील."

"बघतील," ती म्हणाली. "मला रोज बघतात."

शुक्रवारी तिची गस्त होती. क्लबाचं बाजूचं दार उकाड्यामुळं सताड उघडं होतं आणि कडी घालायचं टेबल दारापाशीच. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. आत तिच्याकडं पाठ होती सगळ्यांची. बाप तिला करंडीसकट दिसत होता, टोपी हातात घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. पुढच्याचं झालं. मागून येणाऱ्यानं त्याला वळसा घालून आपली करंडी टेबलावर ठेवली. सेप अर्धा पाऊल मागं सरकला. पुन्हा एकजण. पुन्हा वळसा.

नॉर्मन टेबलामागं कागदांपाशी बसला होता. तो एकदम उठला. खुर्ची मागं पडली. कुणी ती उचलली नाही. त्यानं टेबलाला वळसा घातला, सेपच्या करंडीचं झाकण उघडलं आणि निळी मादी बाहेर काढली. इतकी पाखरं धरलेला माणूस, पण तिचा एक पंख बोटांतून निसटला आणि त्याच्या तोंडावर फडफडला. सेपनं नुसती टोपी घट्ट धरली. मग त्यानंच कडीही चढवली. बारवरच्या माणसानं ग्लास पुसायचं थांबवलं होतं, तो पुन्हा पुसू लागला.

घरी येताना सेपची चाकं हलकी वाजत होती. रात्रीच्या जेवणाला चपटा गोल स्टॉटी पाव आणि हॅम होतं. त्यानं अर्धा पाव खाल्ला आणि मग विचारलं,

"ऑड्रीला झोप लागते का आता?"

ग्लेंडानं चहाच्या किटलीवर लोकरीचं आवरण घातलं.

"मला काय माहीत."

"बरं," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि उरलेला पाव पुढं ओढला.

सेपला कळलं होतं, पण त्यानं ते क्लबात सांगितलं नाही, कुणालाच नाही. त्यामुळं गावाच्या लेखी फितूर तोच राहिला. कलती खुर्ची कलतीच राहिली.

रविवारी सकाळी पाखरं फ्रान्समध्ये सोडल्याची बातमी आली. वारा तोंडावरचा होता, दुपार उलटल्याशिवाय काही यायचं नव्हतं. जेवणानंतर ग्लेंडा गस्तीवर निघाली. पोस्ट, क्लब, प्रार्थनामंदिर. लांबच्या शर्यतीच्या दिवशी एरवी ढाबळींपुढं माणसांचे घोळके असायचे. तसे आजही होते. टेकडीवरून तिला सगळी परडी दिसत होती. एका बाकावर चार माणसं, एकावर सहा, डोळ्यांवर हात धरून सगळ्यांच्या माना दक्षिणेकडं. कडेच्या बाकावर एकच टोपी.

ती पायवाटेनं खाली आली. फाटकाशी न थांबता पुढं जायचं तिनं ठरवलं होतं.

"ग्लेंडा," सेप म्हणाला.

ती थांबली. या कपड्यांत असताना त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

"आत ये. बस."

"बाबा, सगळे बघताहेत."

"बघू देत. फाटक लावून घे, कोंबड्या शिरतात."

ती बाकाच्या टोकाला बसली. त्यानं थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिला दिला आणि स्वतः बाटलीतूनच प्यायला. पलीकडच्या परड्यातली सहाही माणसं आता आभाळाकडं न बघता इकडं बघत होती. मग त्यांच्यातल्या एकानं हात वर केला.

दक्षिणेला एक ठिपका होता. तो खाली आला, मोठा झाला, पंख मिटून रांगांच्या धुराड्यांवरून सरळ घसरत आला. निळी. सेप उठून उभा राहिला. दाण्याचा डबा त्याच्या हातात होताच. पाखरू घरी आलं, एवढ्यानं भागत नाही. ते फळीवर उतरून आत शिरायला हवं, पायातली कडी काढून वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात टाकायला हवी. तोवर ते आलेलंच नसतं. पहिली यायची तर हीच ती वेळ होती, इतर ढाबळींवर अजून काही नव्हतं.

निळी ढाबळीवर आली, फळीवर उतरता उतरता तिनं बाकाकडं पाहिलं आणि पुन्हा वर उठली. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला ती शेजारच्या खोपटाच्या आढ्यावर बसली, मान एकीकडं करून त्या पिवळ्या रंगाकडं टक लावून.

ग्लेंडाला कळलं. ती झटकन उठली. "मी जाते. मला घाबरतेय ती. मी पलीकडं जाते बाबा, तुम्ही बोलवा तिला."

"बस."

"तुमची शर्यत जाईल."

"बस म्हटलं ना."

ती उभीच होती. सेपनं डबा एकदा खुळखुळवला, बाकाखाली ठेवला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. आढ्यावर निळी पंख सावरत होती. आत पिल्लू भुकेनं चिरकत होतं. दूर कुठंतरी दुसऱ्या कुणाच्या ढाबळीवर पाखरू उतरलं, आणि माणसांचा ओरडा उठला.

ग्लेंडा खाली बसली.

"कधी यायची ही?" तिनं विचारलं.

"सवय होईल तेव्हा," सेप म्हणाला. "चहा पी. गार होतोय."